एमजीबीचे सिलिंडर हेड: उतरवणे, तपासणे आणि दुसरे बसवणे

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे हेड अकरा नटांनी ब्लॉकवर आवळलेले असते आणि त्यांपैकी चार नट रॉकर शाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात त्या दांड्याचे, स्टँडही धरून ठेवतात. या रचनेमुळे नुसता रॉकर शाफ्ट काढायचा म्हटले तरी आधी पाणी काढून अकराही नट सैल करावे लागतात. फक्त चार सोडले, तर उरलेल्या सात नटांच्या विषम दाबाने हेड पिळते, गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा इंजिनाच्या तळातल्या तेलात उतरू शकते. हेडच्या कामाला हात घालण्यापूर्वी ही एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढच्या बऱ्याच पायऱ्यांचे कारण तीच आहे.

एमजीबी इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. तिचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सीरिज कुळातले आहे. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिमी आणि स्ट्रोक ८८.९ मिमी. आपल्याकडची पेट्रोल ॲम्बॅसडर वर्षानुवर्षे याच कुळातल्या १४८९ सीसी इंजिनावर धावली आणि १९५५ साली आलेल्या पहिल्या एमजीएमध्येही १४८९ सीसीचेच इंजिन होते. म्हणून ॲम्बॅसडरचे हेड ज्याने कधी उतरवले आहे, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परके वाटणार नाही. मात्र ओळखीचे दिसते म्हणून एकाचे हेड दुसऱ्यावर चढवता येईल असे समजू नये. ॲम्बॅसडरच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिमीच्या आसपास आहे आणि हेडमधले ज्वलनाचे चेंबर व व्हॉल्व्ह त्याच मापाने बेतलेले आहेत.

हेड उतरवण्याची खरोखर गरज आहे का?

पाना हातात घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, इग्निशनची जोडणी सोडावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टरने प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यावेत. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक अंतर असेल, तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष पिस्टन रिंगकडे आहे, आणि अशा वेळी हेड बदलून काहीही साधणार नाही. आकडा तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर संशय घ्यावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली आले असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली आहे असे बहुतेक वेळा आढळते.

पाण्यात जळलेला वायू मिसळतो का हे पाहण्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर लावायचे निळ्या द्रावाचे साधन मिळते. वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. तेलाच्या झाकणाखाली दिसणारी पांढरट साय मात्र एकटीने काही सिद्ध करत नाही. थंड हवेत थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत ती केवळ वाफ गोठूनही जमते.

टॅपेटचे अंतर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली फट, सतत कमी होत राहणे हीही एक महत्त्वाची खूण आहे. बी-सीरिजमध्ये व्हॉल्व्हच्या सीट हेडच्या बिडातच कापलेल्या असतात, वेगळ्या बसवलेल्या नसतात. जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट सीटवर बसून तिचे रक्षण करीत असे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस आणि भारतात २००० च्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. ते संरक्षण गेल्यावर, विशेषतः लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासात, तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटतो आणि उचलला जाताना बिडाचे कण उपटतो. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचे अंतर खाऊन टाकतो. दर काही हजार किलोमीटरला एखाद्या एक्झॉस्टचे अंतर पुन्हा सैल करावे लागत असेल, तर हेड उतरवून कठीण सीट बसवण्याची वेळ आली आहे.

उतरवणे

पान्यांबद्दल आधी एक सूचना. या गाडीचे आटे यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे, आहेत. हेडच्या नटाला ९/१६ इंच एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले माप) पाना लागतो, म्हणजे १४.२९ मिमी. चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा बसतो तो नटाचे कोपरे गोल करण्यासाठीच. चांगल्या सहा कोनी सॉकेटवर खर्च करावा, कारण हेच नट पुढे ठरावीक जोराने आवळायचे आहेत. (याआधीच्या टीसी आणि टीडी या एमजींच्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, अशी जोडी आहे. तिथे हा पानाही चालणार नाही.)

बॅटरीची अर्थची तार सोडावी. १९६७ च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांत धन टोक अर्थला असते, हे लक्षात ठेवावे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे आणि ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे असलेल्या तोटीचे पाणी काढावे. तोटीतून पाणी आले नाही तर तोटी गाळाने बुजलेली आहे. तारेने ती मोकळी करावी, कारण तोच गाळ चौथ्या सिलिंडरभोवती साचलेला असतो. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. ते चवीला गोड असते, आणि कुत्रा किंवा मांजर ते प्यायले तर जिवावर बेतू शकते.

डाव्या बाजूला कार्ब्युरेटर, इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतात, उजव्या बाजूला प्लग. मॅनिफोल्डचे जाड वायसर एकाच वेळी इनलेट आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही फ्लँजना दाबतात. म्हणून ते जपून ठेवावेत आणि दोन्ही फ्लँजची जाडी सारखी आहे का ते आत्ताच मोजावे, कारण जाडी वेगळी असेल तर पातळ बाजू कायम गळत राहील. उजवीकडे मागच्या बाजूला हीटरचा व्हॉल्व्ह हेडलाच जोडलेला असतो. पुढे तापमान मापकाचा फुगा हेडमध्ये बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत हे मापक बारीक तांब्याच्या नळीचे आणि आत ईथर भरलेले आहे. नळी मुरगळली किंवा नट फिरवताना तिला पीळ बसला, तर मापक निकामी होते. नट सुटत नसेल तर भेदक तेल टाकून रात्रभर थांबावे. थर्मोस्टॅटच्या घराचे तीन स्टडही असेच गंजून धरतात. ते घर काढल्याशिवाय हेड उतरवता येते, तेव्हा तिथला झगडा टेबलावर करावा.

आता अकरा नट. ते एकेक पूर्ण सोडू नयेत. सगळे आधी अर्धा फेरा, मग पुन्हा अर्धा, असे क्रमाने सैल करावेत, आणि त्यांबरोबरच रॉकर स्टँडचे चार लहान नटही. रॉकर शाफ्ट उचलल्यावर पुशरॉड, म्हणजे खालून रॉकरला ढकलणाऱ्या उभ्या दांड्या, काढताना घाई करू नये. खालचा, कॅमवर टेकणारा टॅपेट तेलाच्या थराने पुशरॉडला धरलेला असतो आणि सरळ ओढला तर तो आपल्या जागेवरून उचलला जाऊन आडवा पडू शकतो. पुशरॉडला बोटांनी हलका पीळ द्यावा, सुटल्याचे जाणवले की मगच उचलावा. जाड पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांवर पुढून मागे १ ते ८ आकडे लिहावेत आणि प्रत्येक पुशरॉड आपल्या भोकात खोचावा. झिजलेली जोडी एकमेकांना सरावलेली असते, तिची अदलाबदल करू नये.

हेड सुटत नसेल तर हेड आणि ब्लॉकच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नये. त्याने पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट बनतो. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून बाजूंनी हातोडीचे हलके ठोके द्यावेत. तरीही न सुटल्यास प्लग पुन्हा लावून इंजिन हाताने फिरवावे. रॉकर काढलेले असल्याने सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत, त्यामुळे आतली हवा दाबली जाऊन हेडला खालून उचलते. हेड सरळ वर उचलावे, आणि ते बिडाचे असल्याने दोघांनी उचलावे.

ट्रायम्फ टीआर२ ते टीआर४ए या गाड्यांच्या मालकांनी एक वेगळी काळजी घ्यायची आहे. त्या इंजिनाचे लायनर पाण्यात उभे असतात आणि खाली आठच्या आकाराच्या पॅकिंगवर टेकतात. हेड काढल्यावर क्रँक फिरवला तर लायनर वर सरकतो आणि ते पॅकिंग तुटते. तिथे हेड निघताच लायनर पट्टी आणि नटांनी दाबून ठेवावेत. ट्रायम्फ स्टॅगचे ॲल्युमिनियमचे हेड तर तिरक्या आणि सरळ अशा दोन दिशांच्या स्टड-बोल्टनी धरलेले असल्याने त्याची रीतच निराळी आहे. वरचे वर्णन तिथे जसेच्या तसे लावू नये.

तपासणी

जुने गॅस्केट खरवडण्यापूर्वी ते ओले करावे. पूर्वीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याची कोरडी धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये. काजळी काढण्याआधी चारही चेंबर नीट निरखावेत. एखादाच चेंबर वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसत असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात होते.

त्यानंतर व्हॉल्व्ह काढून हेड गरम टाकीत धुवून घ्यावे आणि तडे शोधावेत. बी-सीरिजच्या हेडला इनलेटची दोन आणि एक्झॉस्टची तीन, अशी पाचच तोंडे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतात, त्यामुळे हेडचा मधला भाग सर्वाधिक तापतो. तडे मुख्यतः तिथे, आणि चेंबरमध्ये इनलेट व एक्झॉस्ट सीटच्या मधल्या अरुंद पट्टीत सापडतात. डोळ्यांना न दिसणारा तडा चुंबकीय कणांच्या चाचणीने दिसतो. बिडाच्या हेडसाठी ती स्वस्त आणि भरवशाची आहे. त्याशिवाय पाण्याची छिद्रे पट्ट्यांनी बंद करून, आत हवेचा दाब देऊन हेड गरम पाण्यात बुडवून पाहण्याची दाबचाचणीही करून घ्यावी, कारण काही तडे हेड तापल्यावरच उघडतात. जुन्या बाजारातून आणलेल्या हेडवर एक रुपयाचेही मशीनकाम करण्यापूर्वी या दोन्ही चाचण्या झाल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः एकदा क्रम उलटा केला. नव्या सीट, नवी गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या), फेसिंग (खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणे) असे सगळे झाल्यावर दाबचाचणीत मधल्या एक्झॉस्टपाशी बुडबुडे आले आणि केलेला सगळा खर्च त्या हेडबरोबर भंगारात गेला.

सपाटपणा तपासायला खात्रीची सरळ पट्टी आणि फिलर गेज लागते. पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी. ०.०५ मिमीची पाती कुठेही शिरत नसेल तर हेड उत्तम आहे, ०.१ मिमीची शिरत असेल तर फेसिंग करावे. हीच तपासणी ब्लॉकच्या माथ्यावरही करावी. तिथे स्टडच्या मुळाशी धातू वर ओढला जाऊन उंचवटा आलेला असतो आणि नवे गॅस्केट त्यावरच टेकते. एका स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट करून तो काढावा आणि भोकाची कड हलकेच उतरवावी.

गाइडची झीज पाहण्यासाठी व्हॉल्व्ह सीटपासून एक सेंटिमीटर उचलून आडवा हलवावा. नव्या व्हॉल्व्हसह स्पष्ट खडखड जाणवत असेल तर गाइड बदलावे, आणि गाइड बदलल्यावर सीट पुन्हा कापणे ओघाने आलेच, कारण नव्या गाइडचा मध्य जुन्या सीटशी जुळत नाही. एक्झॉस्टला कठीण सीट बसवणे याच टप्प्यावर करावे. इनलेट व्हॉल्व्ह आत येणाऱ्या मिश्रणाने थंड राहतो, त्याची सीट चांगली असेल तर तिला हात लावू नये. शेवटी बारीक ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह घासावेत. सीटवर सर्वत्र सारखे, अखंड, करड्या रंगाचे वर्तुळ दिसले पाहिजे. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवून हेड उलटे ठेवावे, प्लग लावून चेंबरमध्ये रॉकेल भरावे आणि पाच मिनिटांनी तोंडांत बोट घालून पाहावे. ओल आढळली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासावा.

दुसरे हेड बसणार आहे का?

स्टडची भोके जुळली म्हणजे हेड जुळले, हा समज सर्वांत महागात पडतो. एमजीबीच्या अठरा वर्षांत हेडचे ओतकाम अनेकदा बदलले. चेंबरचे आकारमान, इनलेट व्हॉल्व्हचा व्यास आणि व्हॉल्व्ह किती आत बसतात, हे सर्व त्याबरोबर बदलले. हेडच्या माथ्यावर, रॉकर कव्हरखाली, ओतलेला क्रमांक असतो. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो क्रमांक आणि स्वतःचे मोजमाप यांवर विश्वास ठेवावा. सुरुवातीच्या हेडवर १२एच९०६ हा क्रमांक आढळतो. अमेरिकेसाठीच्या गाड्यांच्या हेडवर एक्झॉस्ट तोंडांत हवा सोडण्यासाठी आटे पाडलेली जादा छिद्रे असतात. ती वापरायची नसतील तर प्लगने पक्की बंद करावीत.

दोन मोजमापे स्वतः करावीत. पहिले चेंबरचे आकारमान. प्लग आणि व्हॉल्व्ह लावलेले हेड समतल उलटे ठेवावे, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी त्यावर दाबावी आणि मोजनळीतून रंगीत स्पिरिट सोडावे. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे असावेत. या आकड्याचा अर्थ हिशेबाने कळतो. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४४९.५ सीसी आहे. ८.८ कॉम्प्रेशन रेशोसाठी पिस्टन माथ्याला असताना चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनची वाटी मिळून ५७.६ सीसी जागा उरायला हवी. आता त्याच इंजिनावर चार सीसीने लहान चेंबरचे हेड बसवले तर जागा ५३.६ सीसी होते आणि कॉम्प्रेशन ९.४ च्या जवळ जाते. साध्या पेट्रोलवर चढाला ठोका येऊ लागला, तर त्याचे मूळ या चार सीसीत असते. फेसिंगचा परिणाम त्यामानाने लहान असतो. चेंबरच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३५ चौरस सेंमी धरले, तर ०.२५ मिमी कापल्याने जेमतेम ०.९ सीसी कमी होते आणि कॉम्प्रेशन ८.९ वर जाते. मात्र आधी कोणी किती कापले आहे हे माहीत नसते, म्हणून पुन्हा कापण्याआधी हेडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी.

दुसरे मोजमाप व्हॉल्व्ह आणि ब्लॉकमधल्या अंतराचे. जुन्या ब्लॉकच्या माथ्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी अर्धचंद्राकृती खाच आहे. नंतरच्या काही ब्लॉकवर ती नाही, कारण त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह अधिक आत बसतात. खाच नसलेल्या ब्लॉकवर जुने हेड चढवले तर उघडणारा व्हॉल्व्ह ब्लॉकला धडकू शकतो. पिस्टनवर आणि ब्लॉकच्या कडेवर खेळायची मऊ माती थापून, जुने गॅस्केट टाकून हेड हलके आवळावे, टॅपेट लावावे आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडकले तर जोर लावू नये. हेड काढून मातीची सर्वांत पातळ जागा मोजावी. ती दीड मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती जोडी मी बसवणार नाही.

बसवणे

दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडे करावेत. गॅस्केटवर ‘फ्रंट’ आणि ‘टॉप’ असे शब्द छापलेले असतात, त्यांप्रमाणेच ते ठेवावे. गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितले नसेल तर त्यावर काहीही चोपडू नये. हेड स्टडवरून सरळ खाली उतरवावे, पुशरॉड पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी सोडावेत आणि प्रत्येकाचे टोक टॅपेटच्या वाटीत बसल्याची बोटाने खात्री करावी. रॉकर शाफ्ट ठेवताना टॅपेटचे स्क्रू आधीच पूर्ण सैल करावेत. तेल वर आणणारे छिद्र असलेला स्टँड मूळ जागीच गेला पाहिजे.

आटे स्वच्छ आणि किंचित तेलकट असावेत. मधल्या नटापासून सुरू करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना बाहेर सरकत, सगळे नट आधी २०, मग ३५ आणि शेवटी ५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटरवर आवळावेत. रॉकर स्टँडचे चार लहान नट २५ फूट-पाउंडवर थांबवावेत. इथे हात सैल सोडला तर बिडातला आटा निघतो. टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की खटका देणारा) एकसारख्या, संथ जोराने ओढावा. झटका दिला तर नट हलण्याआधीच खटका वाजतो.

टॅपेटचे अंतर थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी ठेवावे. त्यासाठी नऊचा हिशेब सोपा आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावावा, सहावा उघडा असेल तेव्हा तिसरा, म्हणजे दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ.

हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी हळूहळू भरावे, म्हणजे हवा अडकून राहत नाही. प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवून तेलाचा दाब चढू द्यावा आणि मगच ते सुरू करावे. रॉकरवर तेल पोहोचल्याचे कव्हर उचलून पाहावे.

इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ दिल्यावर, गॅस्केटच्या सूचनेत मनाई नसेल तर नट पुन्हा आवळावेत. एका वेळी एकच नट, मूळ क्रमाने, पाव फेरा सैल करून परत ५० फूट-पाउंडवर आणावा. न सैलावता पाना लावला तर स्थिर घर्षणामुळे आकडा खोटा येतो. चार नट रॉकरचेही असल्याने या आवळणीनंतर आठही टॅपेट पुन्हा मोजावे लागतात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ही तपासणी मी आणखी एकदा करतो, त्या वेळी पाण्याची पातळी आणि डिपस्टिकवरचे तेल पाहतो, आणि आठही अंतरे तारखेसह वहीत लिहून ठेवतो, म्हणजे नव्या सीट झिजू लागल्या तर पुढच्या खेपेला आकड्यांवरून लगेच कळते.